मागच्या सीटचं वजन

दफनभूमीच्या फाटकाशी गाडी थांबवायची, खाली उतरायचं, मागचं दार उघडायचं, आणि एखादा म्हातारा सावकाश आत बसेल तेवढा वेळ टोपी काढून उभं राहायचं. मग दार लावून उतार धरायचा. आम्हा गॉझनेलांच्या घरात ही रीत माझ्या थोरल्या भावाने, झेबने, सुरू केली, आणि झेबने सुरू केलेल्या गोष्टींपैकी शेरीफने बंद न पाडलेली ही एकच. हयात होता तेव्हा तो म्हणायचा, वर्षातून एकदा आपण इथे वर येतो, कबरी साफ करतो, फुलं ठेवतो, त्यांच्याच शेजारी बसून जेवतो. त्यांच्यातल्या कुणाला खाली घरापर्यंत यावंसं वाटलं, तर त्याला काय चालत यायला लावायचं?

गेल्या वर्षी झेबच्या थोरल्या मुलाने, व्हर्लिनने, दार उघडलं नाही. उघडायला दारच नव्हतं. नवीन घेतलेली ती गाडी दोन दारांची, पुढे भट्टीएवढं इंजिन, आणि मागे कुणाला बसवायचं तर पुढची सीट कलती करावी लागे. मी आठवण करून दिली तर हसला. "ऑर्बिन काका, ज्यांना यायचंय त्यांनी खिडकीतून यावं," म्हणाला, टाचा एकमेकींवर आपटून बुटांची माती झाडली, ठक, ठक, आणि गेला. टाचा झाडायची ही सवय त्याला बायकोच्या कटकटीने लागली होती. अंगणातून तो आवाज आला की समजायचं, व्हर्लिन गाडीत बसतोय.

तो सत्तर सालचा मे महिना होता. ऑक्टोबरात, भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, एक थेंबही प्यायलेला नसताना, व्हर्लिन हॅटीच्या कोपरावरून खाली गेला. मधे पाच महिने गेले, तेव्हा ह्याचा त्याच्याशी संबंध मी जोडत नाही. मी फक्त एकामागून एक सांगतो.

हॅटी म्हणजे आमची आई. चर्चमध्ये डुलकी लागली की तिचं कोपर बरगडीत बसायचं, आणि बसायचं ते ऐन डोळा लागल्यावर. डोंगर उतरताना ते वळणही तसंच येतं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला जंगली झुडपांनी झाकलेली दरी, आणि वळण संपलं असं वाटतं तिथे ते आणखी आत वळतं.

तर एकाहत्तर सालच्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे वर जमलो होतो. बायकांनी मेणात बुडवलेली कागदी फुलं आणली होती, पुरुषांनी कुदळी आणि ओढ्याची पांढरी वाळू. आमच्याकडे कबरीवर गवत ठेवत नाहीत. माती उपसून उंचवटा करतात आणि वर स्वच्छ वाळू पसरतात. प्रत्येक घर आपापल्या माणसाची वाळू आपण आणतं. ऊन होतं, पण पातळ धुरक्यातून गाळून आल्यासारखं, त्यामुळे सावल्या नव्हत्या. माणसं होती, दगड होते, झाडं होती, आणि खाली गवतावर कुणाचंच काही पडत नव्हतं. मी दोनदा माझा हात पुढे धरून पाहिला.

दहाच्या सुमारास खालून इंजिनांचे आवाज आले आणि कुदळी थांबल्या.

व्हर्लिनचा धाकटा भाऊ रॉइस दोन दारांच्या दोन गाड्या घेऊन येत होता. पुढे तो स्वतः लाल गाडीत, मागे त्याची बायको नेडीन हिरवीत. त्याचं खाली गावात गॅरेज होतं, आणि पुतण्याने गाडी घ्यायची तर ती काकाच्या हातून, हे त्याने परस्पर ठरवलं होतं. व्हर्लिनचा मुलगा कॉय नुकताच सैन्यातून परतला होता. डोंगरापलीकडच्या सूतगिरणीत त्याला काम लागलं होतं, म्हणजे रोज हॅटीच्या कोपरावरून जाणं आणि रोज त्याच्यावरून येणं. त्यामुळे कुठली गाडी, हा प्रश्न त्याच्या आईच्या, लोव्हेडाच्या, दृष्टीने गाडीचा नव्हताच.

दोन्ही गाड्या फाटकाशी उभ्या राहिल्या, शेपट्या वर करून. दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारख्या.

हे सांगायला हवं. झेबच्या काळी आमची मक्याची दारू रात्रीतून शहरात पोचायची. डिकीत आणि मागच्या सीटच्या जागी बरण्या भरल्या की गाडीचं बूड जमिनीला टेकायचं आणि शेरीफला लांबून कळायचं. म्हणून झेबने मागच्या चाकांवर ट्रकच्या स्प्रिंगांचे जाड पाटे बसवले. भरलेली गाडी सरळ दिसायची, रिकामी गाडी शेपूट वर करायची. धंदा बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण गॉझनेलाची गाडी म्हटली की तिची शेपूट वर असायलाच हवी, नाहीतर लोक काय म्हणतील. व्हर्लिनच्या गाडीला रॉइसनेच पाटे घातले होते. आणि ह्या दोन्ही गाड्यांना, पुतण्याला भेट म्हणून, न विचारता.

लोव्हेडाने त्या वर उचललेल्या दोन शेपट्यांकडे पाहिलं आणि हातातली फुलं खाली ठेवली.

जेवण लाकडी लांब टेबलांवर मांडलं होतं, कबरींच्या इतकं जवळ की टोकाला बसणाऱ्याची कोपरं माझ्या आईच्या दगडाला लागत. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, शेंगांचं कालवण, सुकवलेल्या सफरचंदाचा थरांचा केक. कुणाच्या मनात काय चाललं होतं हे मला कसं कळलं, असं विचारू नका. मला कमी ऐकू येतं असं सोंग मी बरीच वर्षं घेतलंय, आणि बहिऱ्या म्हाताऱ्यासमोर लोक फार मोकळे होतात.

रॉइसने लाल गाडीची बाजू लावून धरली. तिच्या इंजिनात चारशेला टेकणारे घोडे आहेत, सॉमिलजवळच्या सरळ पट्ट्यावर ती पाय ठेवताच पाठ सीटला चिकटवते, ह्या जिल्ह्यात तिला गाठणारी दुसरी गाडी नाही. हिरवीत घोडे पुरते अडीचशेही नाहीत. ती त्याने आणली कशाला, तर निवड करायला दोन तरी हव्यात म्हणून.

"हिरवी शाळामास्तरणीची गाडी आहे," तो कोंबडीचं तंगडं हलवत म्हणाला. "हळू जाते, नीट वळते, आणि वाटेत चर्च दिसलं की आपोआप थांबते."

कॉय बापासारखा मोठ्याने हसणारा नव्हता. त्याने सकाळी दोन्ही बॉनेट उघडून पाहिले होते. म्हणाला, "काका, एवढे घोडे, पण सगळे पुढच्या दोन चाकांवर येऊन बसलेत. उतारावर ब्रेक दाबला की तोंड खाली आणि बूड हवेत. मग वळवायचं कुणाच्या जोरावर?"

"पायाच्या. वळणात पाय ठेवायचा, ताकद तिला ओढून काढते."

"आपल्या घरापासून सूतगिरणीपर्यंत सरळ पट्टा तो एकच. बाकी वळणं किती आहेत?"

"ते मोजायला मी रस्तेखात्यात आहे का?"

टेबल हसलं. मग रॉइसने जरा हळू आवाजात सांगितलं की गॉझनेलाच्या पोराला लोकांनी हिरव्या गाडीत पाहिलं तर म्हणतील, बाप गेल्यापासून पोरगा भ्यायला. केकचा तुकडा उचलायला गेलेला कॉयचा हात मागे आला.

"मग लाल चालवून बघतो," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर. खाली पुलापर्यंत आणि परत."

लोव्हेडाने दिराकडे पाहिलं. "भाऊजी, तुमचं तोंड कालवणात घाला थोडा वेळ." एवढंच बोलली आणि उठली.

रॉइसला ते लागलं. तो वाईट माणूस नव्हता. ऑक्टोबरपासून त्याला झोप नव्हती, हे मला नेडीनच्या डोळ्यांखाली दिसायचं. भाऊ गेला तो गाडीत ताकद कमी पडली म्हणून, वळणातून ती त्याला ओढून काढू शकली नाही म्हणून, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. कारण ताकद कमी पडली नसेल, तर मग दुसरं काहीतरी होतं, आणि ते दुसरं त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पान्यांनी, भावाच्या मागच्या चाकांवर बसवलं होतं. तिकडे त्याचं मन वळत नव्हतं. म्हणून तो घोडे मोजत होता.

लोव्हेडाला मात्र ते माहीत होतं. व्हर्लिन दर हिवाळ्यात बर्फासाठी डिकीत वाळूची पोती टाकायचा, आणि तीच अवखळ गाडी हिवाळाभर गायीसारखी शांत चालायची. मेला तेव्हा बर्फ पडायचं होतं, पोती अजून अंगणात होती. सात महिने ती ह्यावर विचार करत होती आणि कुणाशी बोलली नव्हती. बोलून उपयोग काय? रॉइसला सांगावं तर भावाला तू मारलंस असं म्हटल्यासारखं. कॉयला सांगावं तर आई भिते म्हणून सांगते असं त्याला वाटणार, आणि तो हट्टाने लालच घेणार.

सगळे दफनभूमीलगतच्या चर्चच्या ओट्याशी भजनं म्हणायला गेले तेव्हा ती मागच्या बाजूने आपल्या छोट्या ट्रककडे गेली. तिथे व्हर्लिनच्या कबरीसाठी आणलेली ओढ्याची वाळू होती, चाऱ्याच्या पोत्यांत भरलेली. तिने एक पोतं ओढलं. ते हललं, पण उचललं गेलं नाही.

"दुसरं टोक मी धरते, जाऊबाई," मागून नेडीन म्हणाली.

ह्या दोघींचं सतरा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं, आणि त्याची सुरुवात एका पडद्याच्या कापडावरून झाली होती. पण नेडीनने कशासाठी ते विचारलं नाही. ती हिरवी गाडी चालवत वर आली होती आणि हॅटीच्या कोपरावर मागची चाकं बाजूला उचलली गेलेली तिने स्वतःच्या पाठीत अनुभवली होती. दोघींनी मिळून सगळी पोती लाल गाडीच्या डिकीत नेऊन टाकली. नेडीनने मधेच विचारलं, हिरवीतही टाकायची का? लोव्हेडा म्हणाली, तेवढी वाळू नाही, आणि तो हिरवीत बसायचाच नाही, मी त्याच्या बापाबरोबर वीस वर्षं काढलीत. डिकी बंद झाली तेव्हा लाल गाडीची शेपूट खाली येऊन गाडी सरळ उभी होती. व्हर्लिनची कबर तेवढी बोडकी राहिली, ओल्या मातीचा नुसता उंचवटा.

"मेलेल्याची वाळू जिवंताच्या गाडीत," नेडीन हात झटकत म्हणाली. "चालतं ना हे?"

"त्याच्याच पोरासाठी आहे," लोव्हेडा म्हणाली. "तो काही मागायला येणार नाही."

ओट्याशी भजन चाललं होतं. आमच्याकडे चार बाजूंना चार आवाजांचे लोक तोंडं आत करून बसतात आणि मधला चौकोन रिकामा असतो. त्या दिवशी जाड आवाजाच्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती, व्हर्लिनची, आणि त्या बाजूने आवाज जेवढा कमी यायला हवा होता तेवढा कमी येत नव्हता. मी बहिरा असल्यामुळे कुणाला बोललो नाही.

मग सगळे फाटकाशी गोळा झाले. कॉय लाल गाडीत बसला, स्टीअरिंगवर हात ठेवले, थोडंसं इकडे तिकडे फिरवलं. त्याने नंतर सांगितलं की त्या क्षणी त्याला वाटलं, हे चाक गाडीला जोडलेलंच नाही. मागे वाळू होती, पण त्याच्या हातांना ते माहीत नव्हतं. त्याच्या हातांना एवढंच कळलं की ही गाडी काही सांगत नाहीये. त्याने बाहेर पाहिलं, रॉइसचा चेहरा पाहिला, आणि उतरला.

"काका, लाल तुम्ही चालवा," म्हणाला. "मी हिरवी घेतो. मी पुढे, तुम्ही मागे. पुलापर्यंत मला गाठलंत तर लाल घेईन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रॉइसने टोपी काढून हवेत फेकली. लालची शेपूट खाली आलेली त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आली नाही.

लोव्हेडाने तोंड उघडलं आणि मिटलं. थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. तिने नेडीनकडे पाहिलं. नेडीनच्या हातात केकची रिकामी ताटली होती. तिच्या नवऱ्याखाली आता वाळूची पोती होती, आणि जाऊच्या मुलाखाली काहीच नव्हतं. नेडीनने ताटलीकडे पाहिलं. मग पुन्हा ताटलीकडेच पाहिलं.

मी तेवढ्यात कॉयजवळ पोचलो होतो. त्याला म्हटलं, सीट कलती कर. तो म्हणाला, आजोबा, आत्ता? मी म्हटलं, तुझ्या बापाने ऐकलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, म्हाताऱ्याची समजूत काढावी तशी पुढची सीट कलती केली, टोपी काढली, आणि उभा राहिला. आजूबाजूची माणसंही गप्प झाली, सवयीने. वारा नव्हता. तरी दार एकदा थोडं हललं. मग तो बसला, सीट मागे आली आणि हिरवी गाडी उतारावर गेली. तिच्या मागोमाग लाल.

"कॉय," लोव्हेडा म्हणाली, पण तोवर धूळच उरली होती. ती काही पावलं उताराने धावली आणि थांबली. नेडीन तिच्या मागे आली.

आमच्या डोंगरावरून रस्ता दिसत नाही, ऐकू येतो. हिरवीचा आवाज बारीक, शिवणयंत्रासारखा. लालचा जाड. पहिलं वळण, दुसरं वळण. मग खडकाआड गेल्यावर आवाज तुटतो, तेच हॅटीचं कोपर. तिथून पलीकडे आवाज निघाला की माणूस श्वास सोडतो. ऑक्टोबरात मी इथेच उभा होतो, गवत कापत, आणि पलीकडे आवाज निघाला नव्हता.

हिरवीचा आवाज खडकाआड गेला.

पाखरं बोलत नव्हती. लोव्हेडाचा हात नेडीनच्या मनगटावर कधी गेला ते दोघींनाही कळलं नाही. आणि निघेना तो आवाज. मी डोळे मिटले. मग तो निघाला, पण बदललेला. बारीक होता तो खाली बसला होता, दमदार झाला होता. तो आवाज मी ओळखतो. झेबच्या शेजारी बसून पुष्कळ वेळा ऐकलाय. भरलेल्या गाडीचा आवाज असतो तो, मागचे पाटे वजनाने दबलेले, चाकं रस्त्याला घट्ट चिकटलेली.

"ही हिरवी नाही," नेडीन पुटपुटली.

"हिरवीच आहे," मी म्हटलं. "एकटी नाही एवढंच."

दोघींनी मला बहिरा समजून सोडून दिलं.

लालही पलीकडे सुखरूप निघाली. पण मागे मागे राहत गेली, आणि पुलाशी हिरवी आधी पोचली. मी तेवढ्यात व्हर्लिनच्या कबरीपाशी जाऊन टेकलो होतो, पाय दुखत होते. सकाळी उपसून गुडघ्याएवढा केलेला मातीचा उंचवटा मधोमध खाली गेला होता, उठून गेलेल्या माणसाच्या गादीसारखा. ओली माती बसते कधीकधी. मी ती हाताने सारखी केली.

परत आली ती लाल आधी. रॉइस उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. तो इतक्या हळू बोलू लागला, तसं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. कोपरावर गाडी सुटणारच होती, त्याला माहीत होतं ती सुटणार, हात तयार ठेवले होते, आणि ती सुटलीच नाही. मागे कुणीतरी बसलं होतं. वजन होतं. पाठीला कळत होतं. "बाबा होते," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, बाबा मागे बसले होते."

बायकांनी हाताने तोंडं झाकली. कुणीतरी प्रार्थना सुरू केली.

नेडीन गाडीच्या मागे गेली. तिथे ती थोडी थांबली, आणि मग तिने डिकी उघडली.

रॉइसने पोत्यांकडे पाहिलं. एक फाटलं होतं आणि पांढरी वाळू डिकीभर पसरली होती. त्याने ती मुठीत घेतली, सांडू दिली. मग तो वाकून मागच्या पाट्यांकडे बघत राहिला, फार वेळ. तो काय मोजत होता ते मी सांगू शकतो: रिकामी गाडी, भरलेली गाडी, हिवाळा, ऑक्टोबर. उभा राहिला तेव्हा लोव्हेडा समोर होती. तिच्या तोंडावर राग नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, आणि हाताला लागलेली वाळू झटकली. मग म्हणाला, "उद्या कॉयला गाडी गॅरेजला आणू दे. कुठलीही घेऊ दे. मूळचे पाटे घालतो."

"घाला," ती म्हणाली.

आमच्या घरात माफी मागण्याची आणि देण्याची पद्धत हीच आहे, आणि इतकं झालं तरी पुष्कळ झालं असं मानायचं.

आणि मग हिरवी आली. फाटकाशी उभी राहिली. कॉय हसत उतरला, आधी कधी नाही इतका मोठ्याने, बापासारखा. काकाला म्हणाला, ताकदीची तुम्हीच ठेवा, मला ही हवी. कोपरावर मी वळायचं नुसतं मनात आणलं आणि ती वळली होती. रस्ता धरून बसते ही, काका. कुणी हात धरून नेल्यासारखी.

सगळे गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहत होते. शेपूट खाली होती. जाड पाटे दबून गाडी सरळ उभी होती, आमच्या जुन्या दिवसांतल्या भरलेल्या गाडीसारखी.

"काय भरलंस?" लोव्हेडाने विचारलं.

"कशात?"

तिने स्वतः डिकी उघडली. एक जादा चाक, एक जॅक, आणि नेडीनची छत्री. तिने छत्री उचलून पाहिली, जणू तिच्यातच ते वजन असावं. रॉइसने पंजा टेकवून डिकी खाली दाबली, तो मेकॅनिक होता, त्याला दुसरं काय सुचणार. गाडी दबली नाही. त्याने हात काढून घेतला आणि विजारीला पुसला.

"उद्या बघू," तो म्हणाला. पण त्याने गाडीपासून दोन पावलं मागे घेतली.

उरलेली दुपार नेहमीसारखी गेली. लालच्या डिकीतली पोती काढून रॉइसने आणि कॉयने ती वाळू व्हर्लिनच्या कबरीवर पसरली. नेडीनने तळहाताने ती सपाट केली आणि लोव्हेडाने फुलं खोचली. फाटलेल्या पोत्यातली मूठभर वाळू डिकीच्या सांध्यांत राहिली, ती तशीच राहू दे असं रॉइस म्हणाला. टेबलं आवरली गेली. नेडीनने उरलेला केक फडक्यात बांधून लोव्हेडाच्या हातात दिला. ताटलीबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत, पण लोव्हेडाने केक घेतला, आणि आमच्याकडे जावेच्या हातचा केक घेणं ही लहान गोष्ट नाही.

निघायची वेळ झाली, तेव्हा हिरवीची शेपूट पुन्हा वर गेलेली होती. लोव्हेडाचा ट्रक मी घेऊन जाणार होतो, ती मुलाबरोबर जाणार होती. कॉयने इंजिन चालू केलं. तिने आपल्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली.

ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून फाटकाशी दार उघडायच्या ह्या रीतीला खुळेपणा म्हणत आली आहे. माझ्या तोंडावर म्हटलंय. आता तिने केक टपावर ठेवला, वाकून सीट पुढे कलती केली, आणि डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला. कॉयने तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

धुरकं खाली आलं होतं आणि कबरींवरची कागदी फुलं तेवढी दिसत होती. लोव्हेडा मोकळ्या मागच्या सीटकडे पाहत होती, पाहुणा उशीर करतोय म्हणून वैतागलेल्या यजमानिणीसारखी.

"बूट झाडून बस," ती म्हणाली.

तिच्या पायांशी, गवतात, आवाज आला. ठक. ठक.

तिने मान फिरवली नाही. गाडी खाली बसली ती मी पाहिली, रॉइसने पाहिली, नेडीनने रॉइसचा दंड धरला तो मी पाहिला. लोव्हेडाने रुमाल पुन्हा बांधला, केक घेतला, सीट मागे आणून आत बसली आणि दार लावलं. मग तिने सीटखाली हात घातला, खटका चाचपून काढला, आणि आपली सीट पुढे ओढली, गुडघे समोर टेकेपर्यंत.

व्हर्लिनचे पाय फार लांब होते.